कोंकची सोन्याची पोर

"दिसलं?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"नाही."

तीन वळणं झाली की पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा माझं तेच उत्तर. त्याला मजा येत होती. पॅरिसहून रात्रीच्या गाडीने रोदेझला उतरलेल्या, धड झोप न झालेल्या बाईला छळायला त्याच्या हाताशी चाळीसेक किलोमीटरचा रस्ता होता. रोदेझहून कोंकला बस जाते असं वाचून मी निघाले होते. बस जातही होती. मी पोचले त्या वारी तेवढी नव्हती.

दक्षिण फ्रान्समधल्या आवेरों जिल्ह्याचा हा कोपरा. मार्सियाकच्या खोऱ्यात शिरलं की माती एकदम लाल होते. शेतं लाल, बांध लाल, घरांच्या भिंतीही त्याच लाल दगडाच्या. वालुकाश्म आहे हा, जांभा नव्हे, तरी जीव एकदम संगमेश्वराच्या बाजूला जाऊन आला. उतारावर द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या आहेत. मध्ययुगात इथल्या द्राक्षवेलींची निगा कोंकच्या मठाने राखली असं सांगतात. मग लाल रंग संपतो, दरी आवळत जाते, दोन्ही अंगांनी चेस्टनटची दाट झाडी रस्त्यावर ओणवते आणि शेजारून दुर्दू नावाची नदी वाहू लागते. पाऊस झाला की वरची लाल माती ती खाली घेऊन येते. मी गेले तो ऑक्टोबर होता, आदल्या रात्री पाऊस झाला होता. नदी विटकरी होती.

शेवटी त्याने गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि वर बोट दाखवलं. डोंगराच्या बेचक्यात, झाडीच्या वर, तीन मनोरे आणि त्यांना बिलगलेली काळसर छपरं. अगदी जवळ. मघापासून आम्ही तिकडेच चाललो होतो आणि एका वळणाआधीपर्यंत तिथे नुसता डोंगर होता.

कोंक हे नाव ऐकून आधी हसूच आलं होतं, अर्धं कोकण झालं म्हणून. पण नावाची गोष्ट त्याहून गमतीची आहे. लॅटिन 'कोंका' म्हणजे शिंपला. इथे ऊश नावाचा ओढा खोल घळ कापत येऊन दुर्दूला मिळतो, आणि त्या घळीच्या उन्हाकडच्या उतारावर, शिंपल्याच्या पोटासारख्या खोलगट जागेत गाव बसलं आहे. लॅटिनने हा शब्द ग्रीकमधून घेतला, आणि भाषेचे अभ्यासक ग्रीक 'कोंखे' आणि संस्कृत 'शंख' यांना सख्खी भावंडं मानतात. म्हणजे मी शंखात राहायला चालले होते. हे टॅक्सीवाल्याला सांगायचं मनात होतं, पण माझं पुण्यात शिकलेलं फ्रेंच तेवढं धीट नव्हतं.

जुन्या कोंकची वस्ती तीनशेहून कमी. 2016 पासून शेजारची तीन गावं जोडून कोंक-आं-रुएर्ग अशी एकच मोठी ग्रामपालिका केली आहे, पण ते कागदावर. प्रत्यक्षात दोन-तीन मुख्य गल्ल्या, त्यांना जोडणारे जिने, मध्ये प्रचंड चर्च, संपलं गाव. घरांचा खालचा भाग शिस्ट या पापुद्र्यापापुद्र्याच्या करड्या दगडाचा. वरचे मजले लाकडी चौकटीचे, गल्लीवर जरासे पुढे आलेले. छपरांवरही दगडच, 'लोझ' म्हणतात त्याला: पातळ फरश्या अर्धगोल कापून माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक रचलेल्या. अशा छपराचं ओझं पेलायला तुळया तशाच लागतात, म्हणून घराघरात चेस्टनट आणि ओकचं लाकूड. कोरड्या दिवशी ही छपरं चांदीसारखी दिसतात, पावसात शाईसारखी. चर्च मात्र पिवळसर चुनखडीचं. तो दगड डोंगराच्या वरच्या अंगाने, दूरच्या खाणीतून आणला. करड्या गावात हा पिवळा रंग मुद्दाम दिवा लावल्यासारखा दिसतो.

माझी खोली वरच्या गल्लीत होती. मालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या. नाव सांगितलं त्यांनी, पण मी त्यांना मादामच म्हणायचे, आणि त्यांनाही ते बरं वाटत असावं. पहिल्याच संध्याकाळी मी देवाधर्माची आहे का असं त्यांनी विचारलं. "थोडीशी," मी म्हटलं. "मग इथे चालेल," त्या म्हणाल्या. "आमची फ्वाही थोडीशीच आहे. एवढीच." आणि टेबलापासून हातभर उंचीवर तळवा धरून दाखवला.

सांत फ्वा ही कोंकची संत. फ्वा म्हणजे फ्रेंचमध्ये श्रद्धा. परंपरा सांगते ती अशी: ही आझां गावची बारा वर्षांची मुलगी. रोमन सम्राट डायोक्लेशनच्या काळात, 303 च्या सुमारास, ख्रिस्ती धर्म सोडायला ती तयार झाली नाही, म्हणून तिला लोखंडी जाळीवर भाजलं आणि मग तिचा शिरच्छेद केला. आझां इथून पश्चिमेला, गारोन नदीकाठी, चांगलं लांब. मग ती कोंकची कशी झाली? तर चोरून आणली.

हे गावात कोणी लपवत नाही. उलट रंगवून सांगतात. आठव्या शतकाच्या अखेरीस दादों नावाचा एक विरक्त माणूस या घळीत येऊन राहिला. त्याच्याभोवती मठ उभा राहिला, शार्लमेनचा मुलगा लुई याने त्याला जमिनी दिल्या. पण जागा ही अशी, सूर्य उशिरा येणारी, शेतीला सपाटी नसलेली. पुढे राजाच्याच घराण्याने फिजाकला, मोकळ्या हवेच्या ठिकाणी, दुसरा मठ थाटला आणि कोंकला उतरती कळा लागली. वाचायचं तर यात्रेकरू हवेत, आणि यात्रेकरू हवेत तर संताचे अवशेष हवेत. मठाने आरिविस्कस नावाच्या साधूला आझांला पाठवलं. तो तिथे साधा पाद्री म्हणून दहा वर्षं राहिला. एवढा विश्वास कमावला की थडग्याची राखण त्याच्याचकडे आली. मग एका सणाच्या रात्री बाकीचे जेवणावळीत रमलेले असताना त्याने थडगं फोडलं, मुलीची हाडं पोत्यात भरली आणि कोंकची वाट धरली. 866 च्या जानेवारीत तो पोचला.

दहा वर्षं! मला त्या चोरीपेक्षा त्या दहा वर्षांचं जास्त नवल वाटतं. रोज त्याच माणसांबरोबर जेवायचं, प्रार्थना म्हणायच्या, त्यांच्या आजारपणात उशाशी बसायचं, आणि मनात हे. मध्ययुगाला मात्र यात पाप दिसलं नाही. संताची इच्छाच नसती तर हाडं जागची हलली नसती, हा त्यावरचा बिनतोड युक्तिवाद. आपल्याला तो परका नाही. भानुदासांनी विठ्ठलाची मूर्ती विजयनगरहून पंढरपूरला परत आणली ही कथा आपणही 'देवालाच यायचं होतं' याच सुरात सांगतो.

फ्वा आली आणि कोंकचं नशीब फिरलं. ल प्वीहून स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी पायी वाट इथून जाऊ लागली. ल प्वीपासून कोंकपर्यंतच सुमारे दोनशे किलोमीटर. सांतियागो तिथून पुढे हजाराहून जास्त. बाराव्या शतकातल्या यात्रेकरूंच्या मार्गदर्शिकेत कोंकची आणि चर्चच्या दारासमोरच्या उत्तम झऱ्याची नोंद आहे. तो झरा, प्लोचा झरा म्हणतात त्याला, अजून वाहतो. मी ओंजळभर प्यायले. पाणी थंडगार होतं, दात शिवशिवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला भेटायला गेले.

चर्चला लागून जुन्या मठाचं आवार आहे. त्यातल्या ओवऱ्या एकोणिसाव्या शतकात पडल्या-पाडल्या गेल्या. मधोमध हिरव्या सर्पेंटाइन दगडाचं मोठं कुंड तेवढं उरलं आहे. तिथेच खजिन्याची इमारत. आत अंधार, काचेमागे एकेक वस्तू उजळलेली. शार्लमेनने चोवीस मठांना चोवीस अक्षरं दिली आणि कोंकला पहिलं 'अ' दिलं, अशी कथा असलेलं ते अक्षर तिथे आहे. प्रत्यक्षात ते शार्लमेननंतर तीनेकशे वर्षांनी, मठाधिपती बेगोंच्या काळात घडवलेलं. खोट्या वंशावळी लिहून घेण्याची हौस काही आपल्याकडच्या संस्थानिकांनाच होती असं नाही. आणि मग, शेवटच्या दालनात, ती.

पंचाऐंशी सेंटिमीटरची, सिंहासनावर बसलेली. आत यू झाडाचं लाकूड, वर सोन्याचा पत्रा, आणि त्या पत्र्यावर हजार वर्षांत लोकांनी वाहिलेली रत्नं: पाचू, नीलम, गोमेद, मोती, स्फटिक, कोरीव रोमन खडे. कुठे जुळवाजुळव नाही, जे आलं ते जडवलं. पण चेहरा पाहिला आणि मी दचकले. हा बारा वर्षांच्या मुलीचा चेहरा नव्हेच. जाड मान, वर उचललेली हनुवटी, दूर कुठेतरी रोखलेले निळे काचेचे डोळे. हे मस्तक बाकीच्या मूर्तीहून कितीतरी जुनं आहे. उत्तर-रोमन काळातलं, चौथ्या-पाचव्या शतकातलं, बहुधा कुणा सम्राटाचं. म्हणजे ज्या साम्राज्याने मुलीचं मस्तक उडवलं त्याच साम्राज्याच्या सम्राटाचं मस्तक, असेल तर, तिच्या धडावर बसवलं आहे. कुणी ठरवून केलेला विनोद नसेल हा. हाताशी सोन्याचं चांगलं डोकं होतं, वापरलं. तरी काचेसमोर उभं राहून मी एकटीच हसले आणि पहारेकरी बाईने माझ्याकडे पाहिलं.

हसणारी मी पहिली नव्हे. 1013 मध्ये आंजे शहरातला बेर्नार नावाचा शिक्षक इथे आला. उत्तरेकडचा, शिकलेला, शार्त्रच्या विद्वानांच्या तालमीतला. वाटेत ओरियाकला एका संताची सोन्याची मूर्ती आणि तिच्यापुढे लोटांगण घालणारे लोक पाहून त्याने सोबत्याला लॅटिनमध्ये, म्हणजे गावकऱ्यांना कळू नये अशा भाषेत, चिमटा काढला होता: ज्युपिटर किंवा मंगळ यांनाही अशा मूर्तीत राहायला आवडलं असतं, अशा अर्थाचा. तीन दिवसांनी कोंकला फ्वासमोरही त्याच्या ओठांवर तेच हसू होतं. मग त्याला इथे गिबेर नावाचा माणूस भेटला. त्याचे डोळे उपटून काढले होते आणि फ्वाच्या कृपेने ते परत आले, असं तो आणि सारं गाव शपथेवर सांगत होतं. बेर्नार वरमला. पुढे तो पुन्हा दोनदा आला आणि ऐकलेले चमत्कार त्याने पुस्तकात लिहून काढले. मूर्तिपूजेला हसायला आलेल्या पंडिताने तिचं माहात्म्य लिहावं, हे वळण मराठी वाचकाला नवं नाही.

ते माहात्म्य मी तिथे बसून भाषांतरातून चाळलं, आणि आजवर वाचलेल्या संतचरित्रांत इतकं खट्याळ दुसरं सापडलं नाही. कोंकचे लोक तिच्या चमत्कारांना तिचे 'खेळ' म्हणत, कारण संत झाली तरी पोर ती पोरच. तिला दागिन्यांचा सोस. तुलूझच्या काउंटेस आर्सांदच्या स्वप्नात जाऊन तिने हातातली सोन्याची कंकणं मागितली. बाई व्यवहारी निघाली; मला मुलगा दे, कंकणं घे, म्हणाली. सौदा झाला, बाईला दोन मुलगे झाले. दुसरी एक मरताना आपली अंगठी फ्वाला द्यायची असं सांगून गेली, पण नवऱ्याने तीच अंगठी दुसऱ्या बायकोच्या बोटात घातली. बोट सुजलं, अंगठी निघेना, प्राण कासावीस. फ्वासमोर आल्यावर बाईने नाक शिंकरलं आणि अंगठी बाणासारखी उडून फरशीवर पडली. नवस फेडला नाही तर काय होतं याच्या ज्या गोष्टी माझी आजी सांगायची त्यांच्या पंगतीत ही खुशाल बसेल. मठाच्या जमिनीवर कुणी हक्क सांगितला की साधू ही मूर्ती घोड्यावर बसवून, झांजा आणि हस्तिदंती शिंगं वाजवत वादाच्या शेतापर्यंत नेत. कोर्टात जाण्याऐवजी पालखीच काढायची.

आणि ती कैद्यांना सोडवायची. सुटलेले लोक बेड्या आणून तिच्यापुढे टाकत. त्या एवढ्या साचल्या की वितळवून त्यांचेच दरवाजे केले, असं बेर्नार लिहितो. आज चर्चच्या गाभाऱ्याभोवती ज्या वळशावळशांच्या लोखंडी जाळ्या आहेत त्याही त्याच बेड्यांच्या, असं इथे सांगतात.

संध्याकाळी मादामनी एस्तोफिनादो केला. ही या खोऱ्याची खासियत, पण समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. नॉर्वेचा वाळवलेला कॉड मासा बोर्दोहून नावांतून लॉत नदीने वर यायचा. नावाडी तो दोरीला बांधून पाण्यात सोडत, म्हणजे घरी पोचेपर्यंत भिजून मऊ. मग बटाटे, अंडी, लसूण, आणि वरून कढत अक्रोडाचं तेल. मासा भिजत घातला होता तेव्हाच सगळ्या जिन्यात वास पसरला होता, आणि एका जर्मन पाहुण्याने मादामना खाजगीत विचारलं की गटार तुंबलंय का. सुके बोंबील ज्यांच्या घरात शिजतात त्यांना काय सांगायचं! मी दोनदा वाढून घेतलं. मादामनी त्या दिवसापासून मला 'माझी हिंदू' म्हणायला सुरुवात केली, आणि मीही ते दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडले नाही.

जेवताना मी सोन्याचं विचारलं. फ्रान्समधल्या एवढ्या मठांचे खजिने क्रांतीत वितळवले गेले, मग तुमचा कसा राहिला?

"चेस्टनटखाली," मादाम म्हणाल्या.

चेस्टनटला इथे भाकरीचं झाड म्हणत. गव्हाला जमीन नव्हती, तेव्हा गरिबांनी हिवाळा या फळांवर काढला. फळं टिकवायला गावाबाहेर दगडी खोपटी असत. खाली धुमसता विस्तव, वर जाळीवर फळं, आठवडेच्या आठवडे सुकत. क्रांतीच्या काळात सरकारी माणसं खजिना न्यायला येणार असं कळलं तेव्हा गावकऱ्यांनी रातोरात तो वाटून घेतला आणि कुणी परसात पुरला, कुणी घरात, कुणी या खोपट्यांत चेस्टनटच्या ढिगाखाली लपवला. सरकारी लोकांना, म्हणे, कोंकचे लोक मोठ्या संतापाने म्हणाले की चोरी झाली! वादळ शमलं, आणि वस्तू एकेक करून परत आल्या. सगळ्या, असं मादाम ठासून सांगतात. उपाशी माणसांनी. त्यांच्या पणजीच्या पणजीच्या घरी कोणती वस्तू होती ते मी विचारलं. त्यांनी माझ्या ग्लासात मार्सियाकची तांबडी वाइन ओतली आणि विषय बदलला. सव्वादोनशे वर्षं झाली, तरी पत्ता फोडायचा नाही.

खुद्द हाडांनाही लपावं लागलं. सोळाव्या शतकात धर्मयुद्धं पेटली. 1568 मध्ये प्रोटेस्टंट फौजेने चर्चची जाळपोळ केली, आणि पुढे कधीतरी फ्वाचे अवशेष कुठे आहेत हेच गावाच्या स्मृतीतून गेलं. 1875 मध्ये दुरुस्तीच्या कामात गाभाऱ्यातल्या भिंतीत एक चामड्याची पेटी निघाली. चोरून आणलेली पोर तीनशे वर्षं स्वतःच्याच चर्चच्या भिंतीत बसली होती. लपाछपीत ती कोंकच्या लोकांच्याही वरताण निघाली.

चर्च स्वतःही जवळजवळ हातचं गेलं होतं. साधू गेलेले, गाव गरीब, भिंतींना भेगा. 1837 मध्ये ऐतिहासिक वास्तूंचे महानिरीक्षक प्रॉस्पेर मेरीमे इथे आले. 'कार्मेन'चे लेखक ते हेच. अशा ओसाड कोपऱ्यात एवढी संपत्ती पाहून ते चकित झाले आणि त्यांनी पॅरिसला असा अहवाल धाडला की 1840 च्या पहिल्या संरक्षित यादीत कोंकचं नाव आलं. 1873 मध्ये प्रेमोंत्रे पंथाचे साधू इथे राहायला आले. पांढऱ्या झग्यातले ते चार-दोन लोक आजही आहेत.

त्यातल्याच एकाने रात्री आम्हा वीसेक जणांना पश्चिम दारासमोर उभं केलं. दारावरच्या अर्धगोलात अंतिम न्यायाचा दिवस कोरला आहे. बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं काम, पावणेसात मीटर रुंद, एकशे चोवीस आकृत्या, आणि दगडावर निळ्या-तांबड्या रंगाचे पुसट अवशेष. मधोमध येशू. त्याच्या उजव्या हाताला स्वर्ग, डाव्या हाताला नरक. स्वर्गात सगळे कमानीखाली ओळीने बसलेत, शाळेच्या वार्षिक फोटोला बसावं तसे. शार्लमेनलाही मठाधिपती हाताला धरून आत नेतोय, लाजलेल्या नवरदेवासारखा. आणि एका कोपऱ्यात, मागे टांगलेल्या बेड्या, पुढे ओणवी झालेली छोटी फ्वा, आणि ढगातून तिच्या डोक्याकडे आलेला देवाचा हात. तेवढी एक जागा बघून गळ्याशी आलं.

शिल्पी मात्र रमलाय नरकात. खोटी नाणी पाडणाऱ्याच्या घशात वितळलेला धातू ओतताहेत. चिक्कू माणसाला त्याच्या थैलीसकट फाशी दिलंय. लांब कानांचा एक राक्षस एका माणसाला सळईवर भाजतोय. तो, म्हणे, चोरून ससे मारणारा शिकारी, आणि भाजणारा ससाच. शिल्पीचं कुणा पारध्याशी वैर असावं. मधल्या तराजूत आत्मे तोलताहेत आणि सैतान हळूच बोटाने पारडं दाबतोय. हे भाजीवाल्याचं कसब बाराव्या शतकाइतकं जुनं आहे हे पाहून माझ्याशेजारची इटालियन बाई मोठ्याने हसली.

मग साधूने दिव्याची तिरीप कमानीच्या कडेवर नेली. तिथे दगडाची पट्टी गुंडाळीसारखी वळवली आहे आणि तिच्यामागून छोटी छोटी डोकी डोकावतात. बोटांनी पट्टी धरून, जेमतेम नाकापर्यंत वर आलेली. देवदूत नाहीत, पापी नाहीत, कुणीच नाहीत. इकडे जगाचा निकाल लागतोय आणि हे पडद्याआडून मजा बघताहेत. शिल्पीने ती का कोरली याची स्पष्टीकरणं आहेत. मला एकही नको होतं.

नंतर आत ऑर्गन सुरू झाला आणि आम्हाला वरच्या सज्ज्यांत जाऊ दिलं. चर्च छप्पन मीटरच लांब, कारण डोंगराने याहून जागाच दिली नाही. म्हणून सगळी हौस उंचीत फेडली: बावीस मीटर. सज्ज्यातून खाली पाहताना पोटात खड्डा पडतो. खांबांची कोरीव शीर्षं इथे हाताच्या अंतरावर येतात.

खिडक्यांबद्दल मी साशंक होते. पिएर सुलाज म्हणजे आयुष्यभर काळा रंग रंगवलेला चित्रकार. जन्म रोदेझचा, 1919 चा. शाळकरी वयात कोंकला आला आणि इथेच त्याने कलेला आयुष्य द्यायचं ठरवलं असं तो सांगे. 1986 मध्ये सरकारने त्याला या चर्चच्या एकशे चार खिडक्या दिल्या. गावात आरडाओरडा झाला. असलेल्या रंगीत, संतांच्या चित्रांच्या काचा काढून हा काय लावणार? काळं? त्याने लावली रंगहीन काच. आठ वर्षं शेकडो प्रयोग करून अशी काच तयार करवली की तिच्यातून उजेड येतो पण बाहेरचं काही दिसत नाही. तुलूझचा काचकारागीर फ्लरी याच्या साथीने ती शिशाच्या वाकड्या, श्वासासारख्या रेघांत बसवली. काम 1994 मध्ये पुरं झालं. 2022 मध्ये, एकशे दोन वर्षांचा होऊन, सुलाज गेला.

सकाळी सात वाजता मी आत एकटी होते. खिडक्या राखाडी होत्या. मनात म्हटलं, कार्यालयाच्या न्हाणीघराला असतात तशा. अर्ध्या तासाने पूर्वेकडच्या निळसर झाल्या. मग पश्चिमेकडच्या. मग दक्षिणेची एक वरून नारिंगी होत खाली आली. कुठलाही रंग काचेत नव्हता. बाहेर ऊन डोंगरावरून उतरत होतं आणि ते कुठपर्यंत आलंय ते मला काचेच्या रंगावरून कळत होतं. मादामना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी सही केली होती त्याच्याविरुद्ध. पत्रावर." आणि थोड्या वेळाने, "हिवाळ्यात चारच्या सुमाराला बघा. तेव्हा बरी दिसतात."

त्या दुपारी मी शार्लमेन गल्लीने खाली उतरले. ओबडधोबड दगडी फरसबंदी, उतार असा की गुडघ्यांनी हाय खाल्ली. खाली दुर्दूवर पाच कमानींचा जुना पूल. त्याला रोमन पूल म्हणतात, पण रोमनांचा नाही. इथल्या ऑक्सितान भाषेत यात्रेकरूला 'रुमिउ' म्हणत, रोमला जाणारा म्हणून. त्यातून हे नाव आलं. चर्च आणि हा पूल 1998 पासून जागतिक वारशात आहेत. पुलापलीकडे वाट सरळ डोंगरात शिरते, चढ छातीवर येणारा. त्या चढावर फ्वाचं एक छोटं देऊळ आहे. तिथवर पोचलेला यात्रेकरू घंटा वाजवतो. दरीपलीकडे मागे राहिलेल्यांना कळावं की पहिला चढ पार झाला. मी त्या देवळापर्यंत गेले नाही. पुलाच्या कठड्यावर बसून लाल पाणी पाहिलं आणि परत फिरले. तेवढ्यात चेस्टनटची तीन बोंडं डोक्यात पडली. काटेरी असतात ती.

निघायच्या दिवशी दरीत धुकं भरलं होतं. वरच्या गल्लीतून समोर काहीच दिसत नव्हतं: पूल नाही, डोंगर नाही, शेजारचं छप्परसुद्धा अर्धंच. मादाम दारासमोर खराट्याने पानं लोटत होत्या. आदल्या रात्री आमच्याबरोबर जेवलेला क्वेबेकचा एक निवृत्त मास्तर पहाटेच निघून गेला होता, दुखऱ्या टाचेला पट्टी बांधून.

माझी टॅक्सी यायची होती. बॅग उंबऱ्याशी ठेवून मी उभी होते आणि धुक्यातून, कुठून ते कळेना, घंटेचा बारीक आवाज आला. एकदा. मादामनी खराटा थांबवला, मान कलती केली. पुन्हा एकदा.

"तीनदा वाजवेन म्हणाला होता," त्या म्हणाल्या.

आम्ही थांबलो.